संपलेले सेल उकिरड्यावर नकोत



रात्रीच्या विजेवर उसाची दारे धरायची म्हणजे हातात बॅटरी हवीच. सेल मंद झाले की आपण ते उन्हात तापवतो, आणखी दोन राती ओढतो, आणि मग? बांधावर नाहीतर उकिरड्यावर. ट्रॅक्टरची जुनी बॅटरी मात्र कोणी फेकत नाही. दुकानदार तिचे पैसे वजा करून नवी देतो. बारक्या सेलला मोडीचा भाव नाही, म्हणून तो बेवारस.

पण उकिरड्यावरचा सेल तिथे राहत नाही. साध्या सेलचे डबडे जस्ताचे, आत मँगनीजची काळी भुकटी. जस्त झिजले की आतले पाणी गळते. चार्जिंगच्या काही सेलमध्ये कॅडमियम असते. जुन्या काळच्या सेलमध्ये पाराही असे. शेण कुजते, धातू कुजत नाही. शेणखताच्या ट्रॉलीतून तोच आपल्याच रानात पसरतो आणि वर्षानुवर्षे मातीत राहतो.

दुसरा धोका घरातला. आपल्या भागातील बरीच मुले नोकरीनिमित्त भिवंडी-कल्याणकडे आहेत. भिवंडीजवळच्या कोन येथे अशाच एका बिऱ्हाडी आम्ही गेलो होतो. खेळण्यातून निघालेला बटणासारखा सेल घरातल्या लहानग्याच्या मुठीत सापडला. तोंडात गेला नाही, हे नशीब! असा सेल अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत आतून भाजते. अशा वेळी उलटी करवू नका. एक्स-रेची सोय असलेल्या दवाखान्यात तडक न्या.

कायदा काय म्हणतो? २०१६ च्या घनकचरा नियमांनी सेल हा घरगुती घातक कचरा ठरवून तो वेगळा ठेवायला सांगितले. ते नियम शहरांना आणि जनगणनेत शहर धरलेल्या कोनसारख्या गावांना होते. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनी सर्व प्रकारच्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी त्या बाजारात आणणाऱ्या कंपन्यांवर टाकली, आणि त्या इतर कचऱ्यात न मिसळण्याची जबाबदारी आपल्यावर. वेष्टनावर काट मारलेली कचरापेटी दिसते, तिचा अर्थ हाच.

तेव्हा एवढे करा :

१) संपलेले सेल झाकणाच्या कोरड्या प्लॅस्टिक डब्यात, मुलांच्या हाताला लागणार नाहीत असे ठेवा.

२) बटण सेल व मोबाईलच्या बॅटऱ्यांच्या टोकांना चिकटपट्टी लावा, एकमेकींना टेकल्या तर पेट घेऊ शकतात. फुगलेली बॅटरी टोचू नका, वेगळी ठेवा.

३) सेल चुलीत टाकू नका, फुटतो. कोळशाच्या कांडीसाठी मुलांना तो फोडू देऊ नका.

४) गावच्या सोसायटीत एक सामाईक डबा ठेवा. तालुक्याला जाणाऱ्याने तो नगरपालिकेच्या घातक कचरा केंद्रात किंवा जुन्या बॅटऱ्या परत घेणाऱ्या दुकानात पोचवावा. पोचवेपर्यंत डबा घरात राहिला तरी चालेल, रानात जाता कामा नये.

बेण्याचा डोळा आपण पारखून घेतो. तो ज्या मातीत पडायचा, तीही तितकीच जपू या.