रक्सौलला मुक्काम पडला तेव्हा



आमच्या बचत गटांतल्या अकरा जणी यंदा पशुपतिनाथाला जाऊन आलो. मुंबईच्या लोकमान्य टिळक टर्मिनसवरून बिहारमधल्या रक्सौलला थेट गाडी आहे. रक्सौल संपलं की नेपाळ. आधी जाऊन आलेल्यांनी बजावलं होतं, "तिथं थांबू नका बाई, नुसती धूळ आणि ट्रक. उतरा आणि पुढची जीप धरा." पण गाडीला उशीर झाला, जीप चुकली आणि मुक्काम पडलाच.

धूळ आहे, ते खोटं नाही. नेपाळला जाणारा बराचसा माल याच वाटेनं जातो. ट्रकांसाठी वेगळी तपासणी चौकी झाली, २०१९ साली मोतिहारीहून नेपाळातल्या अमलेखगंजपर्यंत तेलाची पाइपलाइनही गेली, तरी गर्दी आहेच. २०१५ च्या शेवटी नेपाळच्या नव्या राज्यघटनेवरून आंदोलन झालं आणि ही वाट काही महिने अडली. तेव्हा काठमांडूत गॅस मिळेना, शहरातल्या बायकांना लाकडावर रांधावं लागलं. इथली वाट अडली की तिकडची चूल विझते, असं हे गाव.

सीमा म्हणजे तारेचं कुंपण असेल, असं आम्हाला वाटलं होतं. तिथं दिसली एक लहानशी नदी, कारखान्यांच्या पाण्यानं काळी पडलेली. तिच्यावर पूल, पलीकडे वीरगंज शहराची मोठी कमान. टांगे, सायकली, ई-रिक्षा, डोक्यावर बोचकी घेतलेल्या बायका, सगळं सारखं येत-जात होतं. भारत-नेपाळ यांच्यात १९५० साली करार झाला, आपल्याला तिकडे जायला व्हिसा लागत नाही. दोन्हीकडे भोजपुरी बोलतात, सोयरिकीही होतात. चहाच्या टपरीवर भेटलेल्या ताईंचं माहेर रक्सौल, सासर वीरगंज. आपण बाजाराला जावं तशा त्या दुसऱ्या देशात जातात!

व्हिसा नाही म्हणून कागद नको, असं मात्र समजू नका. फोटो असलेलं मतदार ओळखपत्र न्या. आमच्यातल्या एकीनं फक्त आधार कार्ड आणलं होतं. ते पंधराच्या आतल्या आणि पासष्टच्या वरच्यांनाच चालतं. तिच्या ट्रंकेत पासपोर्ट निघाला म्हणून निभावलं. आपल्या १०० रुपयांचे तिकडे १६० होतात. मोठ्या नोटांचे नियम बदलत आले आहेत, म्हणून शंभराच्या नोटा जवळ ठेवा. घड्याळ पंधरा मिनिटं पुढे करा, नाहीतर जीप चुकेल. आम्हाला विचारा!

कमानीपाशी आम्ही बराच वेळ उभ्या राहिलो, ते दोन बायकांमुळे. त्या येणाऱ्या-जाणाऱ्यांकडे नुसत्या बघत होत्या. भारताकडे येणारी एक सोळा-सतरा वर्षांची मुलगी आणि तिच्यासोबतचा माणूस, दोघांना त्यांनी थांबवलं. त्याला एकीकडे नेलं, तिला दुसरीकडे. कुठं चाललीस? हा तुझा कोण? काम कुणी सांगितलं? घरचा नंबर दे. उत्तरं जुळली, दोघं पुढे गेली. दार उघडं असलं की लेकी माहेरी येतात तसे मुलींना विकणारेही त्याच दारानं येतात, म्हणून अशा बायका तिथं उभ्या असतात. 'माइती नेपाळ' ही संस्था हे काम करते. अनुराधा कोइराला यांनी ती १९९३ साली काढली. नेपाळीत माइती म्हणजे माहेर.

यात आपल्याकडची गोष्टही आहे. १९९६ साली मुंबईत पोलिसांनी कुंटणखान्यांतून मुली सोडवल्या, त्यांत नेपाळच्या बऱ्याच होत्या. माइती आणि तिथल्या इतर संस्थांनी शंभराहून जास्त मुली परत नेल्या. त्या कुठून कुठे आल्या, हे आम्ही पेपरात वाचलं होतं. ती वाट पायाखाली आली तेव्हा आमच्यातलं कुणी बोललं नाही.

ते चार प्रश्न आम्ही गटाच्या वहीत लिहून आणले. मागच्या महिन्यात आमच्याच गावात एक माणूस आला होता. शहरातल्या कंपनीत कामाला मुली हव्यात म्हणाला, राहणं-जेवण फुकट. आमच्यातल्या तिघी वही घेऊन गेल्या आणि कंपनीचा पत्ता मागितला. आणून देतो म्हणाला. अजून आलेला नाही.