बी धरलं, पण उगवेल का?

दादर-परळच्या दुकानांत चिया आणि जवसाच्या शेजारी हल्ली भांगेच्या बियांची पाकिटं दिसतात. बिचकायचं कारण नाही. १९८५च्या अमली पदार्थविरोधी कायद्यात गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे. त्यांतून वेगळं काढलेलं बी त्यात मोडत नाही. खाद्यपदार्थ म्हणून त्याचे निकष २०२१मध्ये ठरले. परवान्याशिवाय पेरणं मात्र गुन्हाच.

आणि पेरलं तरी उगवेलच असं नाही. सोललेल्या दाण्याचं तर सोडाच. अख्ख्या बीतही जवळपास एक तृतीयांश तेल, तेही पटकन खवट होणारं. बियाण्यांच्या साठवणीत हॅरिंग्टनचा ठोकताळा वापरतात: बीमधला ओलावा एक टक्क्याने किंवा साठवणीचं तापमान पाच अंशांनी उतरलं, की आयुष्य साधारण दुप्पट. मुंबईचा पावसाळा नेमकं उलट करतो. लालबागच्या चाळीतल्या माळ्यावरचा डबा बियाण्याच्या जिवावरच उठतो. गर्भ जिवंत आहे का हे पाहायला प्रयोगशाळेत बी भिजवून चिरतात आणि टेट्राझोलियमच्या बिनरंगी द्रावणात ठेवतात. श्वसन करणाऱ्या पेशी तांबड्या होतात, मेलेल्या पांढऱ्याच राहतात. सोयाबीनवाला शेतकरी ओल्या गोणपाटात शंभर दाणे गुंडाळून हेच पाहतो. सत्तर उगवले तर बियाणं चाललं.

पण बी धरणं हा आधीचा प्रश्न. भांगेत नर आणि मादी झाडं वेगळी, पराग वाऱ्यावर. १८९३-९४च्या हेम्प ड्रग्ज आयोगाने नोंदलेली मुंबई इलाख्यातली गांजाची लागवड मुख्यतः नगर जिल्ह्यात होती. तिथे नर झाडं फुलण्याआधीच उपटत, कारण बी धरलं की गांजाचा कस उतरतो.

तरी थोडं बी धरायचंच, कारण मादीवरही मधूनच नरफुलं येतात. आजचे पैदासकार हीच खोड कामाला लावतात. चांदीच्या क्षाराची फवारणी इथिलीनचा परिणाम रोखते आणि मादी झाड पराग देऊ लागतं. त्यात वाय गुणसूत्र नसल्याने पुढची रोपं जवळपास सगळी मादी.

बीच नको असेल तर त्रिगुणित वाण. वीसऐवजी तीस गुणसूत्रं, त्यांची समान वाटणी होत नाही, म्हणून बी क्वचितच भरतं. दादरच्या मंडईतलं केळंही असंच त्रिगुणित. केळीला निदान मुनवे फुटतात. त्रिगुणित भांगेचं बियाणं मात्र दरवेळी द्विगुणित आणि चतुर्गुणित झाडांच्या संकरातूनच करावं लागतं, म्हणजे शेतकऱ्याला दरवर्षी कंपनीच्या दारात जाणं आलं.