ऊब द्या, पण शेक नको!

रात्री दहाच्या सुमारास आमच्या एका जुन्या पेशंट बाईंचा फोन आला. ‘‘डॉक्टरसाहेब, सुनेला हुडहुडी भरलीय. दात वाजताहेत. हिवताप तर नसेल?’’ सूनबाईंनी त्याच सकाळी शहरात पोटाची चरबी काढण्याचे ऑपरेशन, म्हणजे लायपोसक्शन, करून घेतले होते आणि तीन तासांचा प्रवास करून त्या घरी आल्या होत्या. थर्मामीटर ९५ च्या वर जाईना. मी म्हणालो, ‘‘घाबरू नका, ऊब द्या.’’

सासूबाईंनी गरम पाण्याची पिशवी थेट पोटावर ठेवली. सकाळी पाहतो तर पोटावर मोठमोठे फोड! सूनबाईंना चटका कळलाच नव्हता. चूक माझी. मी रात्रीच जाऊन पाहायला हवे होते; निदान ऊब कशी द्यायची ते तरी सांगायला हवे होते.

असे का झाले? चरबी ओढून काढण्यापूर्वी कातडीखाली सलाईन भरतात. त्यात बधिर करणारे लिग्नोकेन आणि रक्तस्राव कमी करणारे अॅड्रिनॅलिन असते. ही पद्धत अमेरिकेतील त्वचारोगतज्ज्ञ डॉ. जेफ्री क्लाइन यांनी १९८७ साली मांडली. हे पाणी कधी कधी कित्येक लिटर लागते. त्याने तो भाग काही तास बधिर राहतो. पुढेही कित्येक आठवडे तिथली संवेदना कमीच असते.

आता पाण्याच्या तापमानाचा हिशेब पाहा. आपले शरीर ३७ अंश सेल्सियसचे, तर थंड थिएटरमधले सलाईन २१-२२ अंशांचे. असे ३ लिटर पाणी ६० किलोच्या माणसाचे तापमान जवळजवळ १ अंशाने उतरवण्याइतकी उष्णता ओढून घेऊ शकते. शिवाय भुलीमुळे शरीराची ऊब राखण्याची शक्ती मंदावलेली असते.

गारठ्याचा त्रास केवळ हुडहुडीपुरता नसतो. रक्त गोठायला वेळ लागतो, भुलीची औषधे शरीरातून सावकाश जातात, जखमेला जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या, मोठ्या आतड्याच्या २०० रुग्णांच्या अभ्यासात अंग गार पडलेल्यांपैकी १९ टक्के, तर उबदार ठेवलेल्यांपैकी ६ टक्के रुग्णांच्या जखमा चिघळल्या. ते ऑपरेशन वेगळे आणि मोठे. पण शरीराचा नियम तोच.

म्हणून ऊब द्यायची ती थिएटरमध्येच. सलाईन योग्य यंत्रात शरीराच्या तापमानाइतके कोमट करून वापरता येते. ऑपरेशनपूर्वी सर्जनना मोकळेपणाने विचारा : पाणी कोमट करता का? ऑपरेशन चालू असताना तापमान मोजता का? घरी कधी सोडणार?

घरी आल्यावर छिद्रांतून एक-दोन दिवस लालसर पाणी झिरपते. ओले कपडे लगेच बदला. पांघरूण घ्या, पायमोजे घाला, कोमट पेय घ्या. बधिर भागावर गरम पिशवी नको, तसाच बर्फही नको. अंग गार लागून हुडहुडी थांबत नसेल, ओठांना मुंग्या, कानात आवाज, गुंगी किंवा धाप असेल, तर रात्र काढू नका. तडक दवाखाना गाठा. दोन-चार दिवसांनी थंडी वाजून ताप आला, तर तो मात्र जंतुसंसर्ग असू शकतो.

सूनबाईंचे फोड महिन्याभरात भरले. डाग मात्र राहिला. हल्ली फोनवर ‘ऊब द्या’ म्हणताना मी पुढचे वाक्यही सांगतो : ‘‘पांघरुणाची, पिशवीची नव्हे.’’