दौडीनंतरचे रक्त काय सांगते?

मॅरेथॉनचे ४२.१९५ किलोमीटरांचे अंतर एकेकाळी केवळ कसलेल्या धावपटूंचे मानले जाई. मुंबईत २००४ साली सुरू झालेल्या मॅरेथॉनने हा समज पुष्कळसा मोडला. आज पहाटे सरावाला उतरणाऱ्यांत निवृत्तीनंतर प्रथमच धावण्याचे बूट चढविलेली मंडळीही दिसतात. घरच्यांना त्यांचे कौतुक असते, तशी मनात धाकधूकही असते : या वयात हृदयाला हे झेपेल का?

वैद्यकशास्त्र या प्रश्नाचे उत्तर रक्तातही शोधते. हृदयाच्या स्नायुपेशींत ट्रोपोनिन नावाचे प्रथिन असते. पेशींना इजा झाली की ते रक्तात उतरते. छातीत दुखत असलेला रुग्ण दाखल होताच डॉक्टर ज्या चाचणीची वाट पाहतात, ती हीच. बीएनपी हे दुसरे द्रव्य हृदयाच्या भिंतींवर ताण पडला की स्रवते.

बोस्टन मॅरेथॉनमध्ये २००४ व २००५ साली ६० हौशी धावपटूंची तपासणी झाली. शर्यतीनंतर ६० टक्क्यांहून अधिक जणांचे ट्रोपोनिन सामान्य मर्यादेपलीकडे गेलेले आढळले. ४० टक्के जणांनी तर हृदयस्नायूची इजा ठरविण्यासाठी रुग्णालयात वापरली जाणारी पातळी गाठली होती. आणि ही सारी माणसे शर्यत पूर्ण करून आलेली! आठवड्याला सुमारे ५६ किलोमीटर किंवा त्याहून कमी सराव असलेल्यांत हृदयावरील ताणाच्या खुणा अधिक होत्या. ऐन वेळी उत्साहाने नाव नोंदविणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात घ्यावे.

दौडीनंतर वाढलेले ट्रोपोनिन साधारणतः एक ते तीन दिवसांत पूर्ववत होते. हृदयविकाराच्या झटक्यानंतर ते आठवडाभर, कधी त्याहूनही अधिक काळ चढलेले राहते. एका दिवसाच्या शिलकेवरून खातेदाराची आर्थिक स्थिती ठरविता येत नाही, त्यासाठी पासबुकाची पाने उलटावी लागतात; तसेच हे आहे. म्हणून डॉक्टर काही तासांनी चाचणी पुन्हा करतात आणि ईसीजी व लक्षणे यांच्याशी ती ताडून पाहतात. पूर्वी सर्रास होणाऱ्या सीके-एमबी चाचणीचा धावपटूंच्या बाबतीत भरवसा कमीच, कारण ते द्रव्य थकलेल्या पायांच्या स्नायूंतूनही येते.

मात्र ‘धावण्यामुळे वाढले असेल’ म्हणून निर्धास्त होणेही बरे नव्हे. नेदरलँड्समधील नायमेगेन येथे दीर्घ पल्ल्याच्या पदयात्रेत ३० ते ५५ किलोमीटर चाललेल्या ७२५ जणांचा अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. त्यांचे सरासरी वय ६१ होते. चालल्यानंतर ९ टक्के लोकांचे ट्रोपोनिन मर्यादेबाहेर गेले. पुढील काही वर्षांत त्यांच्यापैकी २७ टक्के जणांना मृत्यू किंवा हृदयवाहिन्यांचा गंभीर विकार गाठून गेला; उरलेल्यांत हे प्रमाण ७ टक्के होते. चालण्याने हृदय बिघडले, असा याचा अर्थ नाही. आत दडलेला विकार श्रमामुळे उघड झाला असावा, हे अधिक संभवनीय वाटते.

प्रत्यक्ष धोका किती? अमेरिकेत २००० ते २०१० या काळात मॅरेथॉन व अर्धमॅरेथॉन धावलेल्या सुमारे १ कोटी ९ लाख स्पर्धकांपैकी ५९ जणांचे हृदय बंद पडले आणि ४२ दगावले. हा आकडा दिलासा देणारा खरा. परंतु २००४ सालच्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासात दक्षिण आशियातील लोकांना पहिला झटका इतरांपेक्षा सुमारे सहा वर्षे आधी येत असल्याचे दिसले होते. तेव्हा साठीच्या आसपास धावू लागणाऱ्याने रक्तदाब, साखर व कोलेस्टेरॉल तपासून घ्यावे आणि डॉक्टर सुचवतील तर ट्रेडमिल चाचणीही करावी.

शर्यतीनंतर प्रकृती ठीक असल्यास केवळ कुतूहलापोटी ट्रोपोनिन तपासण्याची गरज नाही. छातीत दाटून आले, दम लागून राहिला किंवा भोवळ आली, तर मात्र तत्काळ रुग्णालय गाठावे आणि किती किलोमीटर धावणे झाले व ते केव्हा संपले, हे डॉक्टरांना प्रथम सांगावे.