वापराचा तक्ता

सकाळी 9.45
शिपाई मामा वाचनकक्षाचे पंखे लावतात तोवर मी संगणक सुरू करते. आज ग्रंथालय समितीची बैठक आहे, म्हणून आधी वापराचा तक्ता. प्रकाशकांकडून येणाऱ्या या अहवालात मी दोन रकाने बघते: किती शोधनिबंध उघडले गेले, आणि वर्गणी नसल्यामुळे किती वाचक दारातूनच परत गेले. दुसरा आकडा मला जास्त बोचतो. धनादेशावर सही वित्त अधिकाऱ्यांची असते, पण कोणतं नियतकालिक ठेवायचं आणि कोणतं सोडायचं हे या रकान्यांवरून सांगणं माझं काम.

10.30
एका प्रकाशकाचे विक्री प्रतिनिधी आले. "मॅडम, तीन वर्षांचा करार करा, दरवाढ लागणार नाही." मी त्यांच्या संचाची यादी 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन'च्या यादीशेजारी ठेवली आणि पेन्सिलीनं खुणा करत गेले. केंद्र सरकारनं 2025 ते 2027 साठी या योजनेला 6,000 कोटी रुपये दिलेत. त्यात 30 प्रकाशक आहेत आणि जवळजवळ 13,000 नियतकालिकं. सरकारी शिक्षणसंस्था आणि संशोधनसंस्था मिळून 6,300 ठिकाणी ती उघडतात, आमचं विद्यापीठ त्यातलं एक. खुणा करून झाल्या तेव्हा संचातली निम्म्याहून जास्त नावं आम्हाला आधीच मिळत होती. एकाच अंकाचे पैसे दोनदा कशाला द्यायचे? चहा दिला, करार केला नाही.

12.15
रसायनशास्त्राचा एक संशोधक देयक घेऊन आला. निबंध स्वीकारला गेलाय, प्रकाशनशुल्क 1,900 डॉलर. त्याची फेलोशिप महिन्याला 37,000 रुपये, म्हणजे चार महिन्यांच्या फेलोशिपहून जास्त. घाबरलेला होता. ('नेचर'नं 2021 पासून खुल्या प्रकाशनासाठी 9,500 युरो लावले, त्यापुढे हे कमीच म्हणायचं.) अर्ज उघडून बघितला. नियतकालिक वर्गणी आणि खुलं प्रकाशन अशा दोन्ही पद्धतींचं आहे, यानं नकळत खुल्या प्रकाशनावर खूण केली होती. संपादकांना पत्र लिहून पर्याय बदलायला सांगितलं. वर्गणीच्या मार्गानं शुल्क नाही. स्वीकृत हस्तलिखित प्रकाशकाची मुदत संपल्यावर आमच्या संग्रहात ठेवू, म्हणजे कुणालाही फुकट वाचता येईल. ही गोष्ट कुणीतरी त्याला आधीच सांगायला हवी होती. पुढच्या महिन्यापासून पीएच.डी.च्या नव्या मुलांसाठी तासभर राखून ठेवणार आहे.

2.30
बैठक. पहिलाच प्रश्न आला, "सगळं दिल्लीहून मिळतंय, मग नियतकालिकांची तरतूद कमी करायला हरकत काय?" हरकत आहे, सर. ग्रंथालयाच्या बळाशिवाय प्रकाशकांपुढे उभं राहता येत नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठानं फेब्रुवारी 2019 मध्ये एल्सेविअर या प्रकाशकाचा करार सोडला तो ग्रंथपाल आणि प्राध्यापक एकत्र उभे राहिले म्हणून. दोन वर्षांनी, मार्च 2021 मध्ये, नव्या करारात त्यांच्या प्राध्यापकांचे निबंध खुले करण्याची सोय झाली. आपल्याकडे वाटाघाटी गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटमार्फत होतात, आमच्या टेबलावर नाही. तरी 2027 नंतर पुन्हा पैसे ठरतील तेव्हा कोणी काय वाचलं याचा हिशेब आम्हीच देऊ शकतो. तो ठेवायला माणूस लागतो, आणि आमची एक जागा रिकामी आहे.

शिवाय 'नवभारत', 'समाज प्रबोधन पत्रिका', 'अर्थसंवाद' या मराठी नियतकालिकांची वर्गणी आम्हीच भरायची असते. संचातून वाचलेली रक्कम इकडे वळवा, असं मी मांडलं. मराठीच्या विभागप्रमुख बाईंनी लगेच पाठिंबा दिला. वित्त अधिकारी म्हणाले, टिपणी पाठवा.

5.30
टिपणी लिहिण्याआधी नियतकालिकांच्या कपाटाशी गेले. 'अर्थसंवाद'चे बांधलेले खंड. लाल कापडी पाठ, सोनेरी आकडे पुसट झालेले. मधल्या एका वर्षाचा खंडच नाही, कारण त्या वर्षी वर्गणी भरायची राहून गेली होती. त्या जागी कुणीतरी पुठ्ठ्याचा तुकडा उभा करून ठेवलाय, अंक आले की बांधता येतील म्हणून.

टिपणीत मागच्या अंकांचीही मागणी घातली. साडेसहाला फाईल वर गेली.