विष, अमृत आणि समुपदेशक

संध्याकाळी बेलपाड्याच्या गल्लीत मुलांचा विषामृताचा डाव रंगलेला असतो. राज्य असलेल्या गड्याने हात लावून ‘विष’ म्हटले, की पळणारे मूल आहे तसे थिजते. एक पाय उचललेला असेल, तर तसेच. मग एखादा सवंगडी स्वतः पकडले जाण्याची जोखीम पत्करून जवळ येतो, ‘अमृत’ म्हणत त्याला शिवतो आणि थिजलेले मूल पुन्हा धावू लागते. सोडवणारा मात्र खेळातलाच असावा लागतो. ओट्यावर बसून कितीही मोठ्याने ‘अमृत’ म्हटले, तरी कोणी सुटत नाही.

मानसिक आघातातून गेलेल्यांवर उपचार करणाऱ्यांचे शिक्षण पुष्कळदा त्या ओट्यावरच होते. लक्षणे, निदानाचे निकष, मुलाखतीची पद्धत हे सारे आवश्यकच आहे. त्यात ढिलाई नको. पण खेळकरपणा हा शब्द उच्चारला, की प्रशिक्षणार्थी बिचकतात. एवढ्या दुःखापुढे खेळायचे कसे, हा त्यांचा प्रश्न प्रामाणिक असतो. माझाही होता. उमेदवारीच्या काळात एका लहान मुलीने मला भातुकलीच्या कपातून ‘चहा’ दिला. मी तो घेतला, खाली ठेवला आणि शिकवल्याप्रमाणे गंभीर स्वरात विचारले, ‘तुला आत्ता काय वाटते आहे?’ तिने कप उचलला, डब्यात ठेवला आणि झाकण लावले. त्या दिवशी ती पुढे काही बोलली नाही. तो चहा प्यायला हवा होता, साखर जरा जास्त झाली म्हणायला हवे होते, हे कळायला मला फार उशीर लागला.

भय आणि खेळ यांचे वैर मुळातच आहे. याक पांक्सेप या मेंदूशास्त्रज्ञाने उंदरांच्या पिल्लांच्या दंगामस्तीचा अभ्यास केला होता. पिंजऱ्यात मांजराचे थोडे केस ठेवताच पिल्लांचा खेळ थांबला आणि केस काढून घेतल्यावरही काही दिवस तो पूर्ववत झाला नाही.

माणसाच्या मुलांत गुंतागुंत अधिक असते. मूल खेळते आहे म्हणजे ते सावरले, असे नव्हे. १५ जुलै १९७६ रोजी कॅलिफोर्नियातील चाउचिला येथे २६ मुलांचे शाळेच्या बसमधून चालकासह अपहरण झाले. त्यांना जमिनीत पुरलेल्या एका वाहनात कोंडण्यात आले होते; सुदैवाने सर्वजण बाहेर पडले. लेनोर टेर या बालमनोविकारतज्ज्ञांनी पुढे त्या मुलांचा दीर्घकाळ अभ्यास केला. आघातानंतरच्या खेळाचे त्यांनी केलेले वर्णन आजही प्रशिक्षणात उपयोगी पडते : तोच प्रसंग पुनःपुन्हा, त्यात आनंद नाही, बदल नाही आणि शेवटी सुटकाही नाही.

हे दूरदेशीचे वाटायला नको. १९ जुलै २०२३ च्या रात्री आपल्याच रायगड जिल्ह्यात, खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडीवर दरड कोसळली. अशा प्रसंगातून वाचलेले एखादे मूल मातीच्या ढिगाऱ्याखाली बाहुली पुरत बसले, तर घरच्यांचा जीव कासावीस होणारच. ‘असले अभद्र खेळू नकोस’ हे शब्द आपसूक तोंडून निघतात. तयारीचा समुपदेशक तो खेळ थांबवत नाही आणि नुसता पाहतही बसत नाही. ‘बाहुलीला कोणाला हाक मारायची आहे का?’ एवढेच तो विचारतो. मूल ‘नाही’ म्हणाले, तर नाही. डाव मुलाचा असतो.

ही एवढीशी विचारणा नेमक्या क्षणी सुचावी, यासाठी शिकणाऱ्याला स्वतः खेळावे लागते. ज्या उपचारकाला खेळता येत नाही तो या कामास योग्य नाही, असे मत ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ आणि मनोविश्लेषक डोनाल्ड विनिकॉट यांनी १९७१ च्या आपल्या पुस्तकात स्वच्छ मांडले. त्यांचा रेघोट्यांचा खेळ प्रसिद्ध आहे. एकाने कागदावर अर्थहीन रेघ मारायची, दुसऱ्याने तिचे काहीतरी करायचे. मग पाळी उलटते. प्रशिक्षणार्थींना हा खेळ दिला, की पहिले वाक्य हमखास येते, ‘मला चित्रकला येत नाही.’ पुढच्या फेरीत कोणीतरी शिक्षकांना आवडेल असे नीटनेटके फूल काढतो. अवघडलेपण, चुकण्याची भीती आणि शाबासकीची हाव हे सारे त्या कागदावर उमटते. समोर बसणाऱ्या रुग्णाला आपण काय करायला सांगणार आहोत, याची पहिली जाणीव तेथे होते. मनोनाट्याचे प्रवर्तक जेकब मोरेनो यांची भूमिकांची अदलाबदल याहून कठोर. आपण रुग्णाच्या खुर्चीत बसतो आणि आपलेच ‘काळजी करू नका’ हे वाक्य सहकाऱ्याच्या तोंडून ऐकतो. ते किती पोकळ लागते!

महाराष्ट्राला हे अगदीच परके नाही. ‘घाशीराम कोतवाल’मधील नाना फडणवीस म्हणून परिचित असलेले डॉ. मोहन आगाशे हे मनोविकारतज्ज्ञ. १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर आपद्ग्रस्तांच्या मानसिक आरोग्याच्या अभ्यासात त्यांचा सहभाग होता आणि त्याआधी, १९८६ मध्ये, बर्लिनची ग्रिप्स बालनाट्य चळवळ मराठीत आणण्यात त्यांचाच पुढाकार होता. ग्रिप्समध्ये मुलांच्या भूमिका मोठे नट करतात. बोबडे बोलून ते साधत नाही. मुलाची नजर घ्यावी लागते. ही दोन्ही कामे एकाच माणसाच्या हातून व्हावीत, हा मला योगायोग वाटत नाही.

मात्र खेळकरपणा म्हणजे थट्टा नव्हे. अत्याचार सोसलेल्या प्रौढ स्त्रीसमोर उपचारकाने केलेला विनोद बहुधा स्वतःचे अवघडलेपण झाकण्यासाठीच असतो. शोक ताजा असताना गप्प बसणेच योग्य. आणि येथे विषामृतासारखे जाऊन शिवायचेही नाही. समोरच्याच्या संमतीवाचून हाताचाच काय, शब्दाचाही स्पर्श नको.

‘तासभर नुसते खेळलेच, मग पैसे कशाचे?’ असे पालक विचारतात. त्यांनी समुपदेशकाला जरूर विचारावे : या खेळातून आपण काय पाहिलेत? त्याला त्याचे उत्तर देता आले पाहिजे. जवळपास तज्ज्ञ नसेल, तर ‘टेली-मानस’ या शासकीय सेवेचा १४४१६ हा दूरध्वनी क्रमांक आहे. मुलाला घरी आणताना मात्र ‘आज काय काय सांगितलेस?’ अशी उलटतपासणी नको. बोलायचेच असेल, तर आज राज्य कोणावर होते, एवढे विचारावे.