गाडी बंद पडते, पण कधी?

स्मरणिकेसाठी लेख मागायला येणाऱ्या संपादक मित्रांना मी दरवर्षी मधुमेहावर काहीतरी लिहून देतो. यंदा त्यांनी ‘मधुमेह सोडून काहीही’ अशी प्रेमळ अट घातली. म्हणून एका मोटारसायकलविषयी लिहीत आहे. वैद्यकाशी तिचा संबंध काय, ते ओघाने येईलच.

१९८७ साली बेळगावात माझी जनरल प्रॅक्टिस नुकती कुठे मार्गी लागत होती. व्हिजिटसाठी साडेतीनशे सी.सी.ची, लोखंडी ब्लॉकची एक जुनी मोटारसायकल होती. नाव सांगत नाही; ज्यांना आवाजावरून ओळखायची ते ओळखतील! ती सुरू करणे हा एक विधीच असे. किल्ली फिरवायची, डिकॉम्प्रेसरची कळ दाबून किक सावकाश खाली न्यायची आणि हेडलाइटवरच्या अमीटरकडे पाहत राहायचे. कॉन्टॅक्ट पॉइंट मिटलेले असताना काटा डिस्चार्जकडे झुकतो, उघडताच मध्यावर येतो. तो मध्यावर आला की कळ सोडायची, किक वर घ्यायची आणि एकच दणका. सकाळी तिने मला कधी दगा दिला नाही.

दगा देई तो वाटेत. दहाबारा किलोमीटर गेल्यावर गचके खात ती बंद पडे आणि वीस-पंचवीस मिनिटांनी, जणू काही घडलेच नाही अशा थाटात, पुन्हा सुरू होई. मी दोनदा प्लग बदलला, कार्बुरेटर साफ करून घेतला, नवी बॅटरी बसवली. प्रत्येक वेळी गॅरेजच्या दारात गाडी उत्तम चाले आणि मी पैसे देऊन समाधानाने घरी येई.

ऑगस्टमधल्या एका रात्री खानापूरच्या बाजूच्या एका खेड्यातून निरोप आला. आठ वर्षांच्या मुलाला दम्याचा जोराचा झटका आला होता. धो धो पावसात निघालो. देसूर मागे पडले आणि गाडीने गचके द्यायला सुरुवात केली. मग नुसता काळोख आणि पावसाचा आवाज. पंधरावीस निष्फळ किका मारल्यावर दुधाच्या एका टेंपोने मला उचलले. पोहोचायला पाऊण तास उशीर झाला. मुलाचे ओठ निळसर पडू लागले होते. अमिनोफायलिन सावकाश शिरेतून दिले. हळूहळू श्वास मोकळा झाला. मुलगा वाचला. त्याचे वडील एवढेच म्हणाले, “डॉक्टर, आलात ते बरं झालं.” त्या वाक्याने मला पुढच्या कित्येक रात्री झोप लागू दिली नाही.

त्याच आठवड्यात शहापुरातल्या एका वृद्ध मिस्त्रींकडे गेलो. मी सवयीने माझे निदान सांगू लागलो. त्यांनी हात वर केला. “डॉक्टरसाहेब, काय काय बदललंत ते नंतर. आधी सांगा, बंद पडते कधी? थंड असताना की तापल्यावर?” आयुष्यात प्रथमच माझी कोणी ‘हिस्टरी’ घेत होते.

ते म्हणाले, इंजिनाला तीनच गोष्टी लागतात: पेट्रोल, दाब आणि वेळेवर पडणारी ठिणगी. थंड गाडी पहिल्या किकला घेते म्हणजे दाब चांगला आहे. उरले दोन संशयित. टाकीच्या झाकणाचे वायुछिद्र बुजले तर पेट्रोल उतरते तसतशी टाकीत निर्वात पोकळी होते आणि काही अंतराने पेट्रोल येणे थांबते. थोडा वेळ गेला, हवा आत शिरली, की गाडी पुन्हा चालते. दुसरीकडे कॉइल किंवा कंडेन्सर तापल्यावर निकामी होतो आणि निवला की सुधारतो. लक्षण एकच, रोग दोन. “इथे उभी करून काही कळायचं नाही. ताप असतानाच तपासायला हवं.”

ते मागे बसले. उद्यमबाग, पिरनवाडी करत पुन्हा तोच रस्ता. गाडी बंद पडताच त्यांनी टाकीचे झाकण उघडले. हवा आत ओढल्याचा ‘फुस्स’ आवाज आला नाही. प्लग काढला, तो पेट्रोलने ओला होता. म्हणजे पेट्रोल पोहोचत होते, जळत नव्हते. प्लग टोपीत बसवून, त्याच्या भोकापासून दूर, इंजिनाच्या धातूला टेकवला (भोकाजवळ धरू नये, पेट्रोलची वाफ पेट घेते) आणि मला किक मारायला लावली. ठिणगी निळी, टणटणीत हवी. इथे ती पिवळट आणि मरगळलेली होती. मग पॉइंटचे झाकण काढले. दर वेळी पॉइंट उघडताना तिथेच चरचर ठिणग्या उडत होत्या. कंडेन्सरचे काम त्या थोपवून कॉइलमधला प्रवाह झटक्यात तोडण्याचे. तरच प्लगवर हजारो व्होल्ट उमटतात. मिस्त्रींनी खिशातून दुसरा कंडेन्सर काढला, तात्पुरता तारेने जोडला. प्लग पुसून परत बसवला. त्या तापलेल्या इंजिनाने दुसऱ्याच किकला दाद दिली. पुढे कायमचा बसवताना त्यांनी पॉइंट घासून फट ०.३५ ते ०.४० मि.मी.च्या दरम्यान लावली. नव्या बॅटरीपुढे त्या डबीची किंमत नगण्य होती.

परतताना माझ्या डोळ्यांपुढे एक शिक्षिका येत होत्या. छातीत धडधडते म्हणून वर्षभर त्या माझ्याकडे येत. तपासताना नाडी नियमित, ई.सी.जी. निर्दोष. मी ‘मनावर घेऊ नका’ म्हणून झोपेच्या गोळ्या देत आलो होतो. दुसऱ्या दिवशी त्यांना निरोप पाठवला, “धडधड सुरू झाली की रिक्षा करून तशाच या, रांग लावू नका.” तीन आठवड्यांनी भर दुपारी त्या आल्या. नाडीचे ठोके १८० च्या घरात. पट्टीवर सुप्राव्हेंट्रिक्युलर टॅकीकार्डिया स्वच्छ उमटला. मानेत कॅरोटिड धमनीवर मसाज करताच लय एकदम जागेवर आली. त्यांनी सुस्कारा सोडला आणि विचारले, “म्हणजे मला खरंच काहीतरी होत होतं?”

एप्रिल २०२० पासून बी.एस.-६ मानके लागू झाली आणि नव्या मोटारसायकलींतून कार्बुरेटर जवळजवळ हद्दपार झाला. पॉइंट आणि कंडेन्सर तर त्याआधीच गेले होते. आता संगणक दोषाचा सांकेतिक क्रमांक जपून ठेवतो, मेकॅनिक स्कॅनर लावून तो वाचतो. पण माझ्या पुतण्याची नवी गाडी परवा सुरू होईना, तेव्हा स्कॅनरवर काहीच आले नाही. हँडलवरचा लाल किल-स्विच बंद होता.

जुनी गाडी अजून माझ्या अंगणात आहे. गुडघ्यांमुळे किक पुतण्याच मारतो. अमीटरचा काटा मध्यावर आला की “आता” म्हणण्याचे काम माझ्याकडे आहे.